तुझ्याकडचा उलटा मृग

तुझा हुकूम पोचला. लेकीसाठी मराठीत आकाशाची पुस्तकं धाडायची, आणि 'चित्रं भरपूर हवीत'. तुला सांगते, हे वाचून मी एकटीच हसत बसले. भूगोलाच्या वहीत शनीला तू लाल-हिरवी कडी काढली होतीस आणि बाईंनी कान मात्र माझा धरला होता! तेव्हा चित्रांबद्दल तू बोलूच नकोस.

इथे सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, कुठेही जा, मराठी कानावर पडतेच. पालिकेच्या मराठी शाळासुद्धा आहेत. पण मराठी पुस्तकांचं दुकान विचारलं, तर रिक्षावाल्याने मला सरळ साड्यांच्या मार्केटात नेऊन उभं केलं. पुस्तकं शेवटी पुण्याहून मागवली. साड्या घेतल्या, तो विषय वेगळा.

आलेल्या गठ्ठ्यातली मी आधी सगळी वाचून काढली. (रागावू नकोस, डाग पाडलेले नाहीत.) काही पुस्तकं म्हणजे नुसते गुळगुळीत फोटो: जांभळे तेजोमेघ, गुलाबी दीर्घिका. मुलं 'वॉव' म्हणतात, पान उलटतात आणि रात्री गच्चीवर गेली की विचारतात, 'ते जांभळं कुठंय?' असली मी बाजूला काढली. तुझ्या लेकीसाठी मोहन आपट्यांचं खगोलावरचं 'मला उत्तर हवंय!' ठेवलंय. सगळं प्रश्नोत्तरांत आहे. मराठी अडखळत वाचणाऱ्या मुलीला एका बैठकीत एक प्रश्न झेपतो, आणि तुला मध्येच उठून कुकर बंद करता येतो.

दुसरं नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते'. हे जाडजूड आहे, तिला आत्ता पेलणार नाही, म्हणून तू वाच आणि तिला सांग. ते मे 2025 मध्ये गेले, त्या दिवशी तुला फोन करावासा वाटला होता. तुझ्याकडे मेलबर्नला मध्यरात्र होती, राहून गेला. त्यांनी सांगितलेली विमानाची गोष्ट तुला ठाऊक आहे का? 1963 सालच्या डिसेंबरात विमानाने शिकागोला जाताना त्यांना सूर्य पश्चिमेला उगवताना दिसला! त्यात जादू काही नाही. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे 1670 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते, पण 60 अक्षांशावर तोच वेग निम्मा होतो. तिथून पश्चिमेकडे जाणारं जेट विमान पृथ्वीला मागे टाकतं, आणि नुकता मावळलेला सूर्य पश्चिमेकडूनच पुन्हा वर येतो. तुझी लेक विमानात खिडकीसाठी भांडते ना, तिला हे सांग.

मुलं सही मागायला आली की नारळीकर म्हणायचे, 'पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल.' मला हे फार आवडतं. सहीपायी का होईना, पोराला आधी प्रश्न सुचायला हवा.

तिसरं खास तुझ्यासाठी. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'ज्योतिर्विलास', 1892 सालचं. उपनाव काय, तर 'रात्रीची दोन घटका मौज'! हे दीक्षित काही वर्षं आपल्या धुळ्याला मास्तर होते. भाषा जुनी आहे, थोडी खडखडते, पण रंगीत फोटोंचा आधार नसल्यामुळे वाचणाऱ्याला उठून बाहेर जावंच लागतं. माझं मत विचारशील तर गठ्ठ्यातलं सर्वांत चांगलं पुस्तक हेच.

आता एक अडचण आहे. ही सगळी पुस्तकं आपल्या आकाशाची आहेत. धुळ्याचं आणि सुरतेचं आकाश जवळपास सारखंच, दोन्हीकडे ध्रुव क्षितिजापासून 21 अंशांवर. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या की सापडतो. मेलबर्नला मात्र तो जमिनीखाली गेलाय, कितीही मुठी धर. तुझ्याकडे मृग डोक्यावर उभा असतो, व्याध त्याच्या वर येतो आणि चंद्रावरचा ससासुद्धा उलटा. लेकीला नकाशा उलटा धरायला शिकव, नाहीतर ती पुस्तकावरच रुसेल. उलट जो त्रिशंकू आम्हाला मे महिन्यात डुमसच्या किनाऱ्यावर दक्षिणेला अगदी खाली, हवा स्वच्छ असली तरच दिसतो, तो तुमच्याकडे कधी मावळतच नाही. जळते मी!

आणखी एक गंमत, जी मी पाहिलेल्या एकाही मुलांच्या पुस्तकात नाही. 1651 साली जेरेमी शेकर्ली नावाच्या तरुण इंग्रजाने इथून, सुरतेतून, दुर्बिणीने बुधाला सूर्यबिंबावरून सरकताना पाहिलं. असं अधिक्रमण त्याआधी 1631 मध्ये पॅरिसला गासेंडी नावाच्या खगोलज्ञाने पाहिलं होतं, त्यानंतर पाहणारा हाच. त्या वेळी इंग्लंडात रात्र असणार, हे त्याने आधीच गणिताने काढलं होतं. पुढच्या वर्षी त्याने इथूनच धूमकेतूही पाहिला, आणि काही वर्षांतच हिंदुस्थानात वारला, तिशीही न गाठता. आमच्या शेजारचे काका शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या स्वारीवरून मला 1664 ऐकवत असतात. आता मी त्यांना 1651 ऐकवते. त्यांना पत्ताच नव्हता. त्यांनी नातवाला हाक मारून मला पुन्हा सगळं सांगायला लावलं, वर फाफडा-जलेबीही खायला घातली.

बुधाचं पुढचं अधिक्रमण 13 नोव्हेंबर 2032 ला आहे. आमच्याकडे दुपारी, आणि तुमच्याकडे सूर्य मावळण्याआधी त्याची सुरुवात दिसेल. ठिपका फार बारीक असतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि सूर्याकडे तसं बघायचंही नसतं. दुर्बीण आणि सूर्याची गाळणी दोन्ही लागतील. तोवर लेक कॉलेजात असेल आणि तुझं ऐकणार नाही, म्हणून आत्ताच वचन घेऊन ठेव.

पार्सल बांधून तयार आहे. पूर्ण पत्ता पोस्टकोडसकट पाठव, मागच्यासारखा अर्धा नको. आणि लेकीला म्हणावं, पुस्तक उघडण्याआधी एका रात्री अंगणात जा, जे दिसेल त्यातला एक प्रश्न मावशीला मराठीत लिहून पाठव. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माफ आहेत.

तुझीच,
मी