साठ मैलांची वारी

डेट्रॉइटहून मोटारीने दक्षिणेकडे निघाले, की सुमारे साठ मैलांवर मॉमी नदीच्या काठी टोलेडो हे शहर लागते. काचेचे कारखाने आणि जीप गाडी ही त्याची ख्याती. प्रवासी मंडळी सहसा इथे उतरत नाहीत. शिकागोची नाही तर न्यूयॉर्कची वाट धरतात. पण उन्हाळ्यातली एक संध्याकाळ इथे जरूर काढावी, आणि तीही बेसबॉलच्या मैदानावर.

शहराच्या मध्यभागी, जुन्या वखारींच्या वस्तीत, २००२ साली हे मैदान उघडले. दहा हजारांच्या आसपास माणसे बसतील एवढेच ते. मुलेबाळे घेऊन आलेली कुटुंबे, म्हातारी जोडपी, गिरणीतून सुटलेले कामगार असा हा मेळा. घरच्या संघाचे नाव 'मड हेन्स', म्हणजे चक्क चिखलातल्या कोंबड्या! १८९६ साली इथला संघ दलदलीजवळच्या मैदानावर खेळे. तिथे या पाणपक्ष्यांचा सुळसुळाट असे. त्यांचेच नाव संघाला चिकटले. आपल्याकडच्या तळ्यांवर काळाभोर, कपाळी पांढरा टिळा लावलेला चांदवा दिसतो ना, त्याचाच हा अमेरिकन भाऊबंद. आपल्याकडे चांदव्याला 'वारकरी' असेही म्हणतात. टोलेडोच्या खेळाडूंना हे नाव फार शोभते, ते कसे ते पाहा.

हा संघ डेट्रॉइटच्या 'टायगर्स' संघाच्या हाताखालचा. टायगर्स अव्वल दर्जाच्या लीगमधले. मड हेन्स त्याच्या लगेच खालच्या पायरीवर. वर कुणी जखमी झाला, की इथून एखाद्याला बोलावणे येते. तो बरा झाला, की गेलेला गडी पुन्हा परत! वाट अवघ्या तासाभराची. पण दोन्ही टोकांत जमीनअस्मानाचा फरक. २०२३ साली वरच्या लीगमध्ये किमान वार्षिक पगार ७,२०,००० डॉलर होता, तर या पायरीवर किमान ३५,८०० डॉलर. आणि तोही खेळाडूंनी संघटना उभारून नवा करार मिळवल्यानंतरचा.

या वाटेवरचा थोर वारकरी म्हणजे माइक हेसमन. १९७८ साली कॅलिफोर्नियात जन्मलेल्या या उंचापुऱ्या गड्याला १९९६ मध्ये अटलांटाच्या 'ब्रेव्हज' संघाने निवडले. मग मेकन, मर्टल बीच, ग्रीनव्हिल, रिचमंड अशी गावोगावची बिऱ्हाडे झाली. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांचे दौरे आठवावेत, तसा हा संसार: आज इथे, उद्या तिथे, आणि रात्रभर बसचा प्रवास. वरच्या लीगमध्ये पाऊल पडले ते सात वर्षांनी, ऑगस्ट २००३ मध्ये.

२००५ साली तो टोलेडोला आला. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी संघाने लीगचे अजिंक्यपद जिंकले. २००७ साली लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू हाच ठरला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकन संघातून कांस्यपदक मिळाले. पुढे न्यूयॉर्कचे 'मेट्स', एक वर्ष जपान, मग ओक्लाहोमा सिटी, लुईव्हिल. आणि २०१४ मध्ये पुन्हा टोलेडो.

मग वरच्या लीगमध्ये तो का टिकला नाही? हिशेब सरळ आहे. तिथे त्याला सगळे मिळून १०९ सामने मिळाले. होम रन झाले १४, पण सरासरी.१८८. म्हणजे शंभरदा बॅट धरावी, तर एकोणीसदाही फटका साधत नसे. ज्या जोराने तो चेंडू कुंपणापार धाडी, त्याच जोराने बॅट पुष्कळदा नुसती हवा कापून जाई. खालच्या लीगमध्ये हा व्यवहार परवडत होता. वर परवडला नाही.

३ ऑगस्ट २०१५ रोजी याच मैदानावर, तिन्ही तळांवर साथीदार उभे असताना, हेसमनने चेंडू कुंपणापार धाडला. अमेरिकेतल्या दुय्यम लीगमधला तो त्याचा ४३३ वा होम रन. बझ आर्लेटचा ४३२ चा विक्रम १९३७ पासून अबाधित होता, तो मोडला. गंमत म्हणजे या आर्लेटलाही वरच्या लीगमध्ये एकच हंगाम मिळाला होता, १९३१ चा. आणि त्यात त्याची सरासरी होती.३१३!

हा विक्रम मोठा मानावा की नाही, याचा निर्णय कठीण आहे. तो करायचा तर माणसाने वीस वर्षे खाली राहायला हवे. आणि खाली राहावे असे कोणत्याच खेळाडूला वाटत नाही. विक्रमानंतर त्याच हंगामाअखेर हेसमन निवृत्त झाला, आणि टायगर्सच्याच संस्थेत तरुणांना फलंदाजी शिकवू लागला.

टोलेडोकरांना मात्र हा प्रश्न पडत नाही. डेट्रॉइटला जाऊन मोठे झालेले खेळाडू त्यांनी पुष्कळ पाहिले. पण ते डेट्रॉइटचे. जो परत आला आणि रोज संध्याकाळी आपल्या पोराबाळांसमोर खेळला, तो त्यांचा.