गुडघ्यांतली चुंबळ

गेल्या श्रावणांत सत्यनारायणाची पूजा आटोपून आम्ही पाटावरून उठूं लागलों, तों उजव्या गुडघ्यांत आंतल्या बाजूस कांहीं तरी ‘कट्’ झालें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला. आमचें वय ५८. घरांत माणसें १४. तेव्हां निदानेंही चौदा झालीं. मातोश्रींनीं निर्गुडीच्या पाल्याचा शेक सांगितला, बंधूंनीं संधिवाताचें नांव घेतलें, आणि चिरंजीवांनीं एम. आर. आय. काढविला. त्यांत आंतील मेनिस्कस फाटल्याचें दिसतांच एका शल्यविशारदांनीं आमच्या पायास हातही न लावतां शस्त्रक्रियेचा दिवस नेमून दिला!

मेनिस्कस म्हणजे काय तें आम्हांस तोंवर ठाऊक नव्हतें. मांडीच्या हाडाचें गोल टोंक नडगीच्या सपाट माथ्यावर टेकतें. त्या दोहोंमध्यें चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. घागरीखालीं चुंबळ असते ना, तशाच. भार पसरावयाचा आणि घागर डळमळूं द्यावयाची नाहीं, हें त्यांचें काम.

आमच्या आळींतील वृद्ध डॉक्टर मात्र चित्र बाजूस ठेवून आधीं प्रश्न विचारूं लागले. सूज तत्काळ आली कीं दुसऱ्या दिवशीं? तत्काळ आल्यास आंत रक्तस्राव, बहुधा अस्थिबंध तुटलेला. सावकाश आल्यास कूर्चेचा संशय. मग सांध्याच्या रेषेवर बोट दाबून पाहिलें, गुडघा दुमडून पाऊल पिळीत पाय हळूहळू सरळ केला. ही लिव्हरपूलच्या मॅकमरे यांची परीक्षा. शेवटीं म्हणाले, “अण्णा, दुखतें खरें, पण पाय पुरता सरळ होतो, अडकत नाहीं. कापण्याची घाई नको.”

त्यांनीं दाखलेही दिले. अमेरिकेंत फ्रेमिंगहॅम येथें पन्नाशीपुढील लोकांचीं अशीं चित्रें काढलीं. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत ज्यांचा मेनिस्कस फाटलेला आढळला त्यांपैकीं शेंकडा ६१ जणांस मागल्या महिनाभरांत गुडघेदुखीच नव्हती. फिनलंडमध्यें २०१३ सालच्या प्रयोगांत झिजून फाटलेल्या मेनिस्कसचे १४६ रोगी घेतले. कांहींची कूर्चा छाटली, कांहींच्या बाबतींत छाटण्याचें नुसतें सोंग केलें. वर्षानंतर दोहोंच्या दुखण्यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं.

तेव्हां तीन महिने मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि खुर्चीवर भोजन. पंक्ति खालीं बसलेली आणि आम्ही उंचावर, हें पथ्य काढ्यापेक्षां कडू लागलें. संक्रांतीस मात्र जिना विनासायास चढलों, आणि त्या दिवसापासून घरांतले गुडघेतज्ज्ञ झालों.

माघांत १७ वर्षांच्या पुतण्याचा पाय कबड्डींत पिळला गेला. गुडघा वांकला तो वांकलेलाच राहिला. आम्ही फर्माविलें, “चित्र नको, डॉक्टर नको, व्यायाम कर.” धाकट्या भावजयीनें एकदां दबक्या आवाजांत म्हटलें, “अण्णा, त्याचा पाय सरळच होत नाहीं हो.” आम्ही फिनलंडचा दाखला देऊन तिला गप्प बसविलें. असे तीन आठवडे गेले.

अखेर आळींतल्या डॉक्टरांनीं तो गुडघा क्षणभर हातांत धरला आणि आमच्याकडे पाहिलें. कूर्चेची फाटलेली पट्टी बादलीच्या कडीसारखी उलटून सांध्यांत अडकली होती. ती व्यायामानें सुटावयाची नव्हती. मेनिस्कसच्या बाहेरच्या कांठास रक्त मिळतें, म्हणून तेथली फाट तरुण वयांत शिवली तर सांधूं शकते; आंतल्या भागास तें भाग्य नाहीं. पूर्वीं सबंध कूर्चाच काढून टाकीत. अशा गुडघ्यांत पुढें कसे बिघाड होतात तें फेअरबँक यांनीं १९४८ सालीं क्ष-किरणचित्रांवरून दाखविलें. आतां वांचवितां येईल तेवढी वांचवितात.

पुतण्याची फाट दुर्बिणीनें शिवली. ती सांधली कीं नाहीं हें कांहीं महिन्यांनीं कळेल. डॉक्टर आम्हांस एवढेंच म्हणाले, “तुमचा गुडघा म्हाताऱ्याचा होता, अण्णा.”

सध्यां जेवतांना खुर्च्या दोन मांडलेल्या असतात. भावजय आधीं त्याला वाढते, मग आम्हांस. बोलत कांहीं नाहीं.