मित्रबुरशी

ट्रायकोडर्मावर माझा डोळे झाकून विश्वास होता. भालकी तालुक्यात आमचं शेत. किलोभर तुरीच्या बियाण्याला चार ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळल्याशिवाय मी कधी पेरणी केली नाही. बिदर-कलबुर्गी पट्ट्यात मर रोगानं शेंगा लागलेली तूर उभ्या-उभ्या वाळताना ज्यानं पाहिली, त्याला ही बुरशी मित्रच वाटणार.

म्हणून धिंगरी अळंबीसाठी झोपडी उभारली, तेव्हा ट्रायकोडर्माचं पाकीट मी तिथेही वापरलं. सोयाबीनच्या भुसकटाच्या पिशव्यांत हिरवी पूड दिसली, तेव्हा बरंच वाटलं. राखण बसली, असं समजलो. आठवडाभरात अळंबीचे पांढरे तंतू जागीच थांबले. सगळी खेप गेली.

आई म्हणाली, "दूध नासायला वाईटच काही पडावं लागतं का रे? लिंबूसुद्धा पुरतं."

तेव्हा कुठे उमगलं. अळंबी हीसुद्धा बुरशीच. तुरीच्या मुळाशी मर आणणाऱ्या फ्युजेरियमवर ट्रायकोडर्मा ज्या गुणानं तुटून पडतो, त्याच गुणानं तो अळंबीचे तंतू मारतो. 2006 साली कोरियात धिंगरीवरच्या हिरव्या बुरशीच्या, म्हणजे ट्रायकोडर्माच्याच, दोन नव्या जाती नोंदल्या गेल्या. दोन्हींची नावं धिंगरीच्या 'प्लुरोटस' या शास्त्रीय नावावरूनच ठेवलेली आहेत.

पुढे मी दुसऱ्या टोकाला गेलो. डाग दिसला की बुरशीनाशक. अळंबीच्या टोप्यांवर पिवळसर तपकिरी, चिकट डाग आले, तेव्हाही फवारलं. तो रोग जिवाणूंचा होता. त्यावर इलाज होता कमी पाणी आणि खेळती हवा. बारीक देठाच्या, काळी शाई होऊन वितळणाऱ्या छत्र्याही रोग नव्हत्या. ते भुसकटातलं तण होतं.

आता आधी बघतो, मग हात लावतो. ट्रायकोडर्मासुद्धा सुरुवातीला पांढराच असतो, हिरवा मागाहून होतो. म्हणून पांढऱ्यातला फरक रोज उजेडात पाहतो. हिरवी पडलेली पिशवी झोपडीत उघडत नाही, बाहेर लांब नेऊन पुरतो. भुसकट गरम पाण्यात नीट उकळलं होतं का, मुठीत दाबल्यावर पाणी गळत होतं का, हे आधी स्वतःला विचारतो.

तुरीला ट्रायकोडर्मा मी आजही चोळतो. मात्र त्या दिवशी आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय झोपडीत पाऊल टाकत नाही.