मिठाचे रान

आमच्या रानाला गट नंबर आहे, पण तो तलाठ्याखेरीज कुणाला पाठ नाही. गाव त्याला 'खारीचं रान' म्हणते. थोरल्या ताईला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा आजीने मोठ्या तोऱ्यात सांगितले, "तीन एकर हाय, नदीकाठची." मध्यस्थ उगीचच खाकरला. पाहुण्यांतला एक म्हातारा रान बघून येतो म्हणून गेला, बांधावर उकिडवा बसला, चिमूटभर माती त्याने जिभेच्या टोकावर ठेवली आणि थुंकली. पुढची बोलणी झालीच नाहीत.

त्यामुळे यंदा भूगोलाच्या तासाला सरांनी फळ्यावर 'वाळवंटी पूरमैदानांतील खारवट व चोपण मृदा' असा मथळा लिहिला आणि "अशी जमीन कुणी पाहिलीय का?" असे विचारले, तेव्हा मी वहीत डोके घातले. वर्गात कृष्णाकाठची निदान सात-आठ मुले होती. एकानेही हात वर केला नाही. पाहिली सगळ्यांनीच असणार.

सर इराकबद्दल बोलू लागले. टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या तुर्कस्तानच्या डोंगरांतून येतात आणि खाली सपाट मैदानात गाळ पसरतात. तिथे पाऊस वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर, ऊन मात्र रग्गड. नदीच्या गोड पाण्यातही थोडे क्षार असतातच. शेताला पाणी दिले की पाणी उन्हाने उडून जाते, क्षार मागे राहतात. मैदान इतके सपाट की जास्तीच्या पाण्याला वाट नाही. ते खाली मुरून साठते आणि जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते. ती दोन हातांवर आली की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, वाळते आणि मीठ ठेवून जाते. रशियन भाषेत अशा मातीला सोलोनचाक म्हणतात, उत्तर हिंदुस्थानात रेह, ऊसर, पंजाबात कल्लर. सरांनी नावे लिहिली. मी ती उतरवून घेतली आणि समासात हळूच लिहिले, 'खारीचं रान'.

मग सरांनी लक्षणे सांगायला सुरुवात केली, तेव्हा मात्र मला वाटले, हा माणूस आमच्या बांधावर येऊन गेलाय. थंडीच्या दिवसांत पहाटे आमचे रान पीठ सांडल्यासारखे पांढरे असते. पाय टाकला की वरचा पापुद्रा पापडासारखा मोडतो आणि खालची माती भुसभुशीत लागते. पण हे रानाच्या वरच्या अंगाला. खालच्या दीड एकरात पांढरे कमी. तिथे खळग्यांच्या कडेला काळे, तेलकट डाग असतात. तेल कुणी सांडलेले नसते. मातीतले कुजलेले सेंद्रिय द्रव्य त्या तीव्र अल्कात विरघळून वर येते. पावसाळ्यात तिथे पाणी आठ-आठ दिवस उभे राहते आणि ते कधी निवळत नाही, दुधाळ चहासारखे गढूळच राहते. उन्हाळ्यात तीच जमीन अशी आवळते की टिकाव उडून परत हातात येतो. घरातली भुई सारवण्याआधी आजी चोपण्याने ठोकून काढायची, त्याची मला नेहमी आठवण होते. उगवते काय, तर वेडी बाभूळ, हरळी आणि ओलीला पाणकणीस.

खारवट आणि चोपण यांत फरक आहे, हे मला त्या तासाला कळले. खारवट मातीत क्षार खूप, पण मातीचे कण एकमेकांना धरून असतात. पाणी आत जाते. चोपण मातीत क्षार कमी असले तरी सोडियम कणाकणाला चिकटून बसलेला असतो. सर म्हणाले, राजगिऱ्याच्या लाडवातला गूळ म्हणजे कॅल्शियम. तो काढून घेतला की दाणे सुटे होतात. मातीचे सुटे कण ओले झाले की फुगतात, छिद्रे बुजवतात, आणि पाण्याला आत जायला वाट राहत नाही.

हे लिहून घेताना मला २०१९चा ऑगस्ट आठवला. कृष्णेला महापूर आला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आम्ही गावातल्या उंचावरच्या शाळेत मुक्कामाला होतो. रान दहा-बारा दिवस पाण्याखाली राहिले. पाणी ओसरल्यावर आप्पा बघून आले ते जवळजवळ पळतच. "पांढरं गेलं! किष्णामायनं रान धुतलं!" खरेच, वरच्या अंगाचे मीठ नाहीसे झाले होते. आईने खणानारळाने नदीची ओटी भरली. आप्पांनी सोसायटीचे कर्ज काढून गहू पेरला. गहू उगवला तो ठिगळाठिगळाने आणि बोटभर होऊन पिवळा पडला. दिलेले पाणी वरच तरंगायचे, आणि चार बोटे खाली उकरले तर माती कोरडी. मीठ गेले आणि रान आणखी बिघडले, हे कोडे आमच्या घरात कुणाला सुटले नाही. आजीने आपल्या परीने सोडवले: भावकीचा तळतळाट.

तास संपल्यावर मी धीर करून सरांना विचारले. "आमच्या ओळखीच्यांचं एक रान आहे," अशी सुरुवात केली. सरांनी मला पुरते बोलू दिले आणि म्हणाले, "मातीत सोडियम असेल आणि नुसतं गोड पाणी फिरलं, तर मीठ धुऊन जातं, सोडियम तसाच राहतो. मीठ होतं तोवर कण थोडेफार धरून होते, तेही सुटतात. आधी जिप्सम घालायचं. त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकून लावतो, मग तो पाण्याबरोबर काढून द्यायचा. पण काढून द्यायला निचरा पाहिजे." मग त्यांनी विचारले, "ओळखीच्यांनी माती तपासली होती का?"

तपासली होती. आप्पांनी पुरानंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून माती प्रयोगशाळेत दिली होती. आलेला कागद घडी घालून ट्रंकेत, रेशनकार्डाखाली ठेवला होता. आमच्या घरात कागद जपून ठेवतात. वाचायला माणूस नव्हते. पुढच्या रविवारी मी तो काढला. सामू ८.९. विद्युत वाहकता ६.२. विनिमययोग्य सोडियम २४ टक्के. वाहकता चारच्या वर म्हणजे खारवट, सोडियम पंधरा टक्क्यांच्या वर म्हणजे चोपण. आमचे रान दोन्ही होते. एवढी वर्षे तो कागद त्या ट्रंकेत होता. मी रोज त्या ट्रंकेवर दप्तर ठेवून दहावी-बारावीचा अभ्यास केला.

त्यानंतर मी ग्रंथालयात बसू लागले. इतिहासाच्या पुस्तकांत सुमेरची देवळे आणि मातीच्या पाट्या असतात, शेत फारसे नसते. पण त्या पाट्यांवर धान्याचे हिशेब आहेत. १९५८ साली जेकबसन आणि ॲडम्स या दोघा अभ्यासकांनी त्यावरून दाखवले, की दक्षिण इराकात आधी गहू आणि जव सारखेच पिकत. पुढे गहू कमी कमी होत गेला आणि इसवी सनापूर्वी १७००च्या सुमारास जवळजवळ नाहीसा झाला. जवाला खार सोसतो, गव्हाला तितका नाही. सगळेच विद्वान हे मत मानत नाहीत. मला मात्र बोटभर होऊन पिवळा पडलेला आमचा गहू दिसत होता. अत्रहासिस नावाच्या तिथल्या जुन्या काव्यात, माणसांवर चिडलेला देव शेतांवर मीठ आणतो असा प्रसंग आहे, हे वाचून तर हसूच आले. चार हजार वर्षांपूर्वीही कुणाची तरी आजी होतीच!

आमच्या आजीचा आणखी एक तर्क होता. तो ती रागाच्या भरातच बोलायची: "ही जल्मली आन् रान पांढरं पडलं." माझा जन्म २००६चा. हे मी इतक्यांदा ऐकले होते, की कधीतरी मलाही ते खरे वाटायचे.

इराक वाळवंट आहे, आमचा भाग तसा नाही. पण आम्हीही पर्जन्यछायेत, माती काळी, चिकण, सावकाश निचऱ्याची. नीरेच्या खोऱ्यात डाव्या कालव्याचे पाणी १८८०च्या दशकात आले आणि १९१० साली हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांना तिथल्या खारपड जमिनींवर पुस्तिका लिहावी लागली. एक पिढी पुरली. आमच्याकडे पाण्याची स्कीम आली तेव्हा आप्पा एकोणीस वर्षांचे होते. रानात ऊस आला, खोडवा आला, निडवा आला. पाळी आली की रात्रभर दारे धरायची, सरी तुडुंब भरेपर्यंत. जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस, हे गणित सगळ्या गावाचे होते. आणि आज, स्वतःचे रान गेल्यावर, आप्पा रोजावर दुसऱ्यांच्या उसाला पाणी पाजायला जातात. त्यांच्यासारखी दारे धरणारा माणूस गावात नाही, असे लोक म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी सांगायचे ठरवले. सामू, सोडियम हे शब्द आप्पांपुढे कसे काढायचे? मी एका वाटीत मिठाचे पाणी घेतले, धोतराच्या चिंधीचे एक टोक त्यात बुडवले आणि दुसरे काठावरून बाहेर सोडून वाटी देवळीत ठेवली. दोन दिवसांनी चिंधीचे वरचे टोक पांढरे आणि कडक झाले होते. आप्पांनी ते बोटांनी चुरगाळले, म्हाताऱ्या पाहुण्यासारखे जिभेला लावले.

"म्हंजी खालचं पानी वर येतंय."

"व्हय. जायाला वाट न्हाई म्हणून."

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या आणि काकांच्या रानामधून पूर्वी एक वगळ नदीकडे जात होती. आजोबांनी ती बुजवून पाच गुंठे रान वाढवले, ही आमच्या घरातली अभिमानाची गोष्ट. वाटणीत वरचे अंग काकांना आले, आणि मीठ पहिल्यांदा त्यांच्याच रानात फुटले. २००८ साली काका दारात येऊन म्हणाले होते, "दादा, वगळ मोकळी करूया." ती आमच्या वाट्यातून जाणार होती. आजीने त्यांना उभ्या उभ्या घालवून दिले. त्यानंतर दोन्ही घरांत बोलणे नाही. ताईच्या लग्नालाही काका आले नाहीत.

"आबानी वगळ मुजवली," आप्पा म्हणाले, "तवा पाट्या मीच टाकत हुतो."

आजी आत जागी होती. तिने ऐकले असावे. ती खोकली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि आप्पा वगळीच्या जुन्या वाटेने नदीपर्यंत चालत गेलो. आमच्या खाली आणखी चार जणांनी ती बुजवून ऊस लावला आहे. नुसती आमची पाच गुंठे उकरून पाणी नदीला लागणार नाही. ते या चौघांच्या बांधाशी तुंबेल. सर म्हणाले होते की जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा करतात. पण त्यालाही पाण्याचे तोंड कुठेतरी काढावेच लागते, आणि ते सगळ्यांच्या सहीशिवाय होत नाही.

येताना आप्पा घराकडे वळले नाहीत. काकांच्या दारात जाऊन उंबऱ्याबाहेर उभे राहिले. काकू बाहेर आली, आमच्याकडे बघून आत गेली. काका आले. आप्पांनी खिशातून तो घडी पडलेला कागद काढला आणि म्हणाले, "पोरगी वाचून दावंल."

काकांनी कागद घेतला नाही. त्यांनी मला विचारले, "कितवीला हाईस गं आता?"