दाराशी ठेवलेले बूट

दादासाठी आणलेले चालायचे बूट आठ महिने दाराशी तसेच पडून होते. आतले कागदाचे बोळेही कुणी काढले नव्हते. दादा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. दात घासायलासुद्धा वहिनी दोनदा हाक मारायची, तिसऱ्यांदा हाताला धरून उठवायची. आणि घरी येणारा जो तो सांगून जायचा, "रोज तासभर फिरून ये, सगळं कसं पळून जाईल बघ." काकांनी वर्तमानपत्राचं कात्रणच आणलं होतं. नैराश्यावर व्यायाम औषधाइतकाच गुणकारी, असं संशोधन म्हणतं. काका गेल्यावर दादा एवढंच म्हणाला, "म्हणजे माझंच चुकतंय."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून हे संशोधन मुळातून वाचायला घेतलं.

अशा बातम्यांमागे अनेकदा १९९९ सालचा अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा अभ्यास असतो. जेम्स ब्लुमेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नाशीच्या पुढच्या १५६ रुग्णांचे तीन गट केले. एकाला व्यायाम, दुसऱ्याला सर्ट्रालिनच्या गोळ्या, तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. बातमी इथे संपते. पण औषध नसलेली नुसती गोळी घेणारा गट त्यात नव्हता, त्यामुळे काही न करता किती जण सावरले असते ते कळत नाही. शिवाय व्यायाम करणारे लोक आठवड्यातून तीनदा, ठरल्या वेळी, चार माणसांत जात होते. गुण आला तो चालण्याचा की त्या माणसांचा, हे कसं वेगळं काढणार?

त्याच संशोधकांनी पुढे २०२ जणांवर अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. या वेळी नुसत्या गोळीचा गट होता. देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांतले ४५ टक्के नैराश्यातून बाहेर आले, औषध घेणाऱ्यांतले ४७. आणि नुसत्या गोळीवरचे ३१ टक्के! हा आकडा मी कात्रणात कधी पाहिला नाही.

२०१३ साली कॉक्रेन या संस्थेने असे ३९ अभ्यास एकत्र तपासले. सगळे मिळून व्यायामाचा मध्यम परिणाम दिसला. मग काटेकोर पद्धतीने केलेले सहाच बाजूला काढले, तर तो इतका बारीक झाला की योगायोग म्हणून सोडून देता येईल. अडचण मुळातच आहे. गोळी खरी की खोटी हे रुग्णापासून लपवता येतं, आपण व्यायाम करतोय हे कसं लपवणार? आणि कसं वाटतंय हे बऱ्याचदा त्यालाच विचारलेलं असतं.

मला सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. या आकड्यांत दादासारखी माणसं फारशी नसणारच. अभ्यासात येतो तो, ज्याला घरातून निघून केंद्रापर्यंत जाता येतं. दादाला न्हाणीघरापर्यंत जाता येत नव्हतं. उठायची ताकदच या आजाराने काढून घेतलेली असते, आणि आपण त्याला सांगतो, ऊठ म्हणजे बरा होशील.

व्यायाम वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. दादा आज रोज टेकडीवर जातो. पण औषधं सुरू होऊन दीड महिना झाल्यावर एका सकाळी तो दाराशी बसला, बुटातले बोळे एकेक करून बाहेर काढले आणि वहिनीला म्हणाला, "कोपऱ्यापर्यंत येतेस?" दोघं कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. त्या दिवशी तेवढंच. तो चालला म्हणून बरा झाला, की थोडा बरा झाला म्हणून चालला, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कात्रणवाल्यांनीही सांगू नये.

तुमच्या घरात कुणी असं भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर त्याला फिरायला जा म्हणू नका. आधी डॉक्टरांची वेळ घ्या आणि त्या दिवशी स्वतः सोबत जा. कुणाला विचारावं हेच सुचत नसेल, तर सरकारच्या टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.