तिसरी पिन

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात अॅम्प्लिफायर विकत आणण्यापेक्षा ‘बनवून’ घ्यायची हौस अजून टिकून आहे. ४४४० आयसीचा बोर्ड, कुठल्यातरी जुन्या मशीनचा ट्रान्सफॉर्मर आणि पत्र्याचा डबा, एवढ्यावर गावातला रिपेअरिंगवाला भजनी मंडळाला पुरेल एवढा आवाज काढून देतो. मीही त्यातलाच. राहतो चिखली तालुक्यात, पोटापाण्याचं काम वेगळं आहे, पण संध्याकाळी सोल्डरिंग आयर्न तापलं नाही तर चैन पडत नाही.

घरी बनवलेल्या अॅम्पचा पहिला आजार ठरलेला: घूंऽऽ. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते, तोच हेलकावा स्पीकरमधून ऐकू येतो. त्यावरचा गावठी इलाजही ठरलेला आहे. “अर्थिंग काढून टाक भौ, घूं जाते.” मग थ्री पिनमधली हिरवी वायर कापतात, नाहीतर पकडीने जाड पिनच मोडतात.

आणि बऱ्याचदा घूं खरंच जाते. या इलाजाची खरी अडचण हीच आहे. घूं कानाला ऐकू येते, म्हणून ती गेलेली कळते. डब्याच्या पत्र्यावर आलेला करंट मात्र कुणालाच ऐकू येत नाही.

थोडं डब्याच्या आत डोकावू. साध्या डायनॅमिक माईकला वीज लागत नाही, मग माईक झटका कसा मारतो? माईकची जाळी केबलच्या शिल्डला जोडलेली असते आणि ते शिल्ड जॅकमधून अॅम्पच्या पत्र्याला. ट्रान्सफॉर्मरची वायर घासून पत्र्याला टेकली, की २३० व्होल्ट थेट माईकच्या जाळीवर. हिरवी वायर शाबूत असेल तर करंट तिच्यातून जमिनीकडे धावतो आणि फ्यूज उडतो. ती कापलेली असेल तर जमिनीकडे जायला एकच वाट उरते: माईक धरलेला माणूस.

आता सप्ताहातलं कीर्तन डोळ्यासमोर आणा. महाराज अनवाणी उभे, खाली सडा टाकलेली ओली जमीन, ओठ माईकला लागलेले. माईकला रुमाल गुंडाळून गाणारे बुवा मी पाहिलेत. विचारलं तर म्हणतात, “मुंग्या आणते थोडा.” घामाने भिजलेला रुमाल किती वाचवणार?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वानसीत, भर स्टेजवर, अर्थिंग नीट नसलेल्या माईकला हात लागून गेला. ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ १९७६च्या मे महिन्यात स्वतःच्या घरी, तशाच सदोष अर्थिंगवर गिटार वाजवताना गेला.

मग घूं घालवायची कशी? तिचं घर शोधायचं. इनपुटला काहीच न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घूं येत असेल, तर बहुधा फिल्टरचा कपॅसिटर थकलेला असतो. तो बदला. पण हात घालण्याआधी प्लग काढा आणि कपॅसिटर डिस्चार्ज होऊ द्या. इनपुटच्या वायरला बोट लावल्यावर घूं वाढत असेल, तर शिल्ड तुटलेलं आहे. मिक्सर जोडल्यावरच सुरू होत असेल, तर दोघांच्या अर्थिंगचा फेरा तयार झालाय. दोन्ही एकाच बोर्डावर लावा, नाहीतर मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. डब्याच्या आत सगळे ग्राउंड एकाच जागी आणा. हिरवी वायर मात्र वेगळ्या नटबोल्टने पत्र्याला घट्ट कसा. घूं सिग्नलच्या वाटेवर अडवायची असते. तिसऱ्या पिनला हात लावायचं कारणच नाही.

तरी आमच्या भागात तिसरी पिनही पुरत नाही, कारण ती शेवटी जाते काळ्या मातीत. पावसाळ्यात ही माती छान करंट नेते. एप्रिल-मेमध्ये मात्र तिला भेगा पडतात आणि अर्थिंगची सळई मोकळी होते. समजा रोध ५० ओहम झाला. २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अॅम्पिअर. एवढ्याने १६ अॅम्पिअरची एमसीबी पडणार नाही आणि डब्यावरचा करंट तसाच राहील. त्यात काहीजण न्यूट्रल नसला की जमिनीतूनच न्यूट्रल घेऊन बल्ब लावतात. अशा सळईला अॅम्प जोडला, तर अर्थिंगच करंट घेऊन माईकपर्यंत येतं.

म्हणून आरसीसीबी हवी. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत येत नाही असं दिसलं, की ती लाइन तोडते. माणसांसाठी ३० मिलिअॅम्पिअरची घ्यायची.

एका सप्ताहाला मी तशा आरसीसीबीचा बोर्ड नेला होता. काल्याच्या आदल्या रात्री ती तीनदा पडली. कीर्तन रंगात आलेलं, आवाज बंद, सगळे माझ्याकडे बघतायत. एक काका तावातावाने आले. “हा डबा काढ ना बाप्पा, डायरेक्ट करून टाक!” मी नाही म्हटलं आणि एकेक वायर काढून बघत गेलो. अॅम्प ठीक होता, माईकही ठीक. हॅलोजनची वायर काढली तेव्हा आरसीसीबी टिकली. ती वायर मंडपाच्या लोखंडी खांबाखाली दबून सोलली गेली होती. त्याच खांबाला टेकून संध्याकाळपासून चार-पाच पोरं बसली होती.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी पोरांना आधी उठवलं. त्यातला एक त्यांचा नातू होता.

आता माझ्याकडे कुणी अॅम्प आणला, की मी आवाज नंतर ऐकतो, आधी प्लग बघतो. दोनच पिना दिसल्या तर तीन करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. तुमच्या मंडळाचा माईक मुंग्या आणत असेल तर रुमाल शोधू नका. आधी बोर्डावरून प्लग काढा, मग बाकीचं बघू.