सेवामुक्तीचा कागद आणि मातृभाषेचा हक्क

फौजेतून घरी परतलेल्या माणसाविषयी आमच्या भागात दोनच शब्दप्रयोग रूढ आहेत. एक तर तो ‘पेन्शनीवर आला’, नाही तर त्याचे ‘नाव कापले’. बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या फौजेत भरती होण्याची रीत आहे. तेथील गावांना या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागत नाही. पहिल्याच्या दारात मांडव पडतो, दुसऱ्याच्या घराचे दार दिवसाही लोटलेले असते. कायद्याचे मात्र एवढ्या दोन शब्दांत भागत नाही, आणि ज्याच्या हाती तो कायद्याचा कागद पडतो त्याला बहुधा त्यातला नेमका शब्दच कळलेला नसतो. गेली काही वर्षे अशा कागदांची छाननी करताना जे दिसले, ते सीमेच्या दोन्ही अंगांच्या मराठी वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सेना अधिनियम, 1950 आणि त्याखालील 1954 चे नियम सैनिकाची सेवा संपवण्याचे निरनिराळे मार्ग सांगतात. ‘डिसमिसल’ म्हणजे बडतर्फी, ‘रिमूव्हल’ म्हणजे सेवेतून काढून टाकणे आणि ‘डिस्चार्ज’ म्हणजे सेवामुक्ती. सेवामुक्तीचेही पुन्हा प्रकार आहेत. मुदत पुरी झाल्यामुळे, स्वतःच्या विनंतीवरून, प्रकृतीच्या कारणावरून, आणि शेवटी ‘सेवेची यापुढे गरज नाही’ म्हणूनही सैनिकाला सोडले जाते. हे केवळ शब्दांचे खेळ नव्हेत. बडतर्फ झालेल्याची आधीची सारी सेवा निवृत्तिवेतनाच्या हिशोबातून सामान्यतः बाद होते. साध्या जवानाला सेवा निवृत्तिवेतन मिळण्यासाठी 15 वर्षांची पात्र सेवा लागते. त्यामुळे तेराव्या वा चौदाव्या वर्षी ‘गरज नाही’ असा शेरा पडला की उरलेल्या आयुष्याचा आधार एका ओळीत निघून जातो.

काही वर्षांपूर्वी, 2017 मध्ये, चंदगड तालुक्यातील एक माजी जवान आपल्या पुतण्याला घेऊन माझ्याकडे आला. त्याची ओळख पटेल असे तपशील मी येथे गाळले आहेत, आणि पलटणीचे नावही देत नाही. पुतण्या शिकलेला होता. मोबाइलवर वाचून तो ‘डिस्चार्ज अपग्रेड’ हा शब्द घेऊन आला होता. “वकीलसाहेब, काकांचा डिस्चार्ज अपग्रेड करून द्या,” एवढेच त्याचे म्हणणे होते.

हा शब्द अमेरिकेतला आहे. तेथे सेवामुक्तीच्या चढत्या-उतरत्या प्रती ठरलेल्या असून, ‘ऑनरेबल’पासून ‘डिसऑनरेबल’पर्यंत पाच पायऱ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी 1944 साली जो प्रसिद्ध कायदा झाला, त्यानेच अशा शेऱ्यांची फेरतपासणी करणारी मंडळे निर्माण केली. सैनिकाने 15 वर्षांच्या आत अर्ज करायचा आणि मंडळाने तो शेरा न्याय्य होता का हे पाहायचे, अशी ती रीत आहे. युद्धाच्या मानसिक आघातामुळे ज्यांच्या हातून शिस्तभंग घडला असेल, त्यांच्या अर्जांकडे उदार दृष्टीने पाहावे, असा आदेश तेथील संरक्षणमंत्र्यांनी 2014 मध्ये दिला. आपल्याकडे असे स्वतंत्र मंडळ नाही. आधी लष्करातच निवेदन करावे लागते. तेथे दाद न लागल्यास 2007 च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. अंतिम आदेशापासून सामान्यतः सहा महिन्यांची मुदत असते, आणि उशीर झाल्यास त्याचे समाधानकारक कारण द्यावे लागते. आमच्या जवानाची सेवा 2009 मध्ये, तेरा वर्षांनंतर संपली होती. म्हणजे उशीर आठ वर्षांचा होता.

उशीर का झाला, हे विचारल्यावर तो म्हणाला, “नाव कापलं एवढं कळलं होतं साहेब. कशानं कापलं, ते कुणी मराठीत सांगितलंच नाही.”

कागद पाहिले. चार ‘रेड इंक एंट्री’, म्हणजे विशिष्ट दर्जाच्या शिक्षांच्या लाल शाईतील चार नोंदी होत्या. तीन रजेवरून उशिरा परतल्याच्या आणि एक मद्यपानाची. कारणे दाखवा नोटीस इंग्रजीत होती. तिचे उत्तरही टंकलिखित इंग्रजीत, तीन ओळींचे होते. त्याचा आशय असा, की आरोप मान्य आहेत आणि अधिक काही सांगायचे नाही. खाली देवनागरीत त्याची सही होती. मी ते उत्तर त्याला मराठीत वाचून दाखवले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, की आपण कारकुनाला हिंदीत सांगितले होते ते निराळेच होते. घरची अडचण सांगून एक संधी मागितली होती. त्यातले एक अक्षरही त्या तीन ओळींत नव्हते.

अशा अर्जाची छाननी करताना वकिलाने दोन रकाने आखावेत. एकात कागद काय म्हणतो ते लिहावे आणि दुसऱ्यात माणूस काय म्हणतो ते. दोन्ही रकाने जेथे जुळत नाहीत, तेथेच प्रकरणाचा जीव असतो. तीनपैकी एक उशीर नऊ दिवसांचा होता, आणि तो जुलै–ऑगस्ट 2005 मधला. त्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यातील रस्ते बंद पडले होते, हे आमच्या भागात लहान मुलालाही ठाऊक आहे. त्याच्या घराची भिंत पडल्याचा तलाठ्याचा पंचनामा घरच्या ट्रंकेत होता. पंचनामा मराठीत आणि आरोप इंग्रजीत. हे दोन कागद बारा वर्षांत एकमेकांसमोर कधी आलेच नव्हते.

मद्यपानाच्या नोंदीविषयी मी त्याला स्पष्ट विचारले. “ते माझंच,” तो म्हणाला. “त्यात कुणाला बोल नाही.” अर्जात ती नोंद आम्ही लपवली नाही. जो आपला दोष मानतो त्याच्या उरलेल्या म्हणण्याला वजन येते, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

कायदा काय म्हणतो, हेही सांगितले पाहिजे. चार लाल नोंदी झाल्या की सैनिकाला घरी पाठवता येते, अशी फौजेत सर्वत्र समजूत आहे. परंतु सेना मुख्यालयाच्या 28 डिसेंबर 1988 च्या पत्राने त्यासाठी कार्यपद्धती घालून दिली आहे. आधी निःपक्ष चौकशी करायची, सैनिकाला आपली बाजू मांडू द्यायची, आणि मगच निर्णय घ्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2015 मध्ये वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणात ही पद्धती बंधनकारक ठरवली. केवळ चार नोंदींची बेरीज पुरेशी नाही. सैनिकाची एकूण सेवा किती, ती किती खडतर ठिकाणी झाली आणि निवृत्तिवेतनापासून तो किती दूर आहे, याचाही विचार झाला पाहिजे, असा त्या निर्णयाचा रोख आहे. आमच्या जवानाच्या कागदांत अशा चौकशीचा मागमूसही नव्हता.

आता मूळ शब्दाकडे वळतो. सेवामुक्तीच्या कारणापुढे ‘अनडिझायरेबल सोल्जर’ असे लिहिले होते. “याचा अर्थ काय?” असे त्याने मला विचारले. शब्दकोशातला ‘अवांछनीय’ हा प्रतिशब्द मला सांगता आला असता. तो निरुपद्रवी आहे, कारण तो कोणी घरात बोलत नाही. पण बोली मराठीत त्याला एकच शब्द आहे, ‘नकोसा’. तो मी उच्चारला. ज्या समाजात नको असलेल्या मुलीचे नाव ‘नकोशी’ ठेवले जाई, त्या समाजातल्या माणसाला या शब्दाचे ओझे वेगळे समजवावे लागत नाही. सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा मुलींची नावे जाहीर समारंभात बदलण्यात आली, हे अनेकांना आठवत असेल. कागदावरचा शब्द बदलला म्हणून मागचे दिवस परत येत नाहीत, तरीही तो बदलावा लागतो, कारण माणूस त्या शब्दाखाली जगत असतो. या जवानाला पैशांची गरज होतीच. पण शब्द कळल्यानंतर त्याने केलेली पहिली मागणी पैशांची नव्हती. “हे नाव काढा,” एवढेच तो म्हणाला.

आणि येथेच या लेखाचा खरा मुद्दा येतो. सेना अधिनियमाचे कलम 23 असे सांगते, की सेवा संपलेल्या प्रत्येक भरती झालेल्या सैनिकाला त्याच्या मुख्य अधिकाऱ्याने प्रमाणपत्र द्यावे. ते त्या व्यक्तीच्या मातृभाषेत आणि इंग्रजीतही असावे. सेवा कोणी संपवली, का संपवली आणि एकूण सेवा किती झाली, हे त्यात लिहिलेले असावे. भाषावार प्रांतरचना 1956 ची, आणि हे कलम त्याच्या सहा वर्षे आधीचे. ते राज्याची भाषा विचारत नाही, तर त्या माणसाची भाषा विचारते. बेळगावचा मराठी जवान, जत किंवा अक्कलकोटचा कन्नड जवान, इंदूर किंवा वडोदऱ्यात तीन पिढ्या राहिलेल्या मराठी घरातला जवान, या सर्वांना तो हक्क सारखाच आहे. आपण सीमावासी भाषेच्या हक्कासाठी पाट्या, शाळा आणि दाखले यांच्या पायऱ्या झिजवत आलो. एका केंद्रीय कायद्यात आपल्या भाषेचा हक्क असा स्पष्ट लिहिलेला असताना तो मागणारे मात्र मला फार थोडे भेटले.

आम्ही उशिराचे कारण म्हणून हेच कलम पुढे केले. ज्याला आदेशाचे कारण त्याच्या भाषेत कळवणे कायद्याने आवश्यक होते, त्याला ते कळलेच नाही, मग तो मुदतीत दाद कशी मागणार? न्यायाधिकरणाने उशीर माफ केला. चौकशी न झाल्याच्या मुद्द्यावर सेवामुक्तीचा तो आदेश टिकला नाही. 15 वर्षे पूर्ण होईपर्यंत तो सेवेतच होता असे मानण्यात आले. त्या मधल्या काळाचा पगार मिळाला नाही, आणि निवृत्तिवेतनाची थकबाकीही अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळाली. पूर्ण न्याय झाला असे मी म्हणणार नाही. आठ वर्षांच्या अज्ञानाची किंमत त्यानेच भरली. सुधारित कागद आला तोही केवळ इंग्रजीत. मराठी प्रतीसाठी आम्हाला कलम 23 चा उल्लेख करून पुन्हा लिहावे लागले, आणि बऱ्याच महिन्यांनी ती आली.

वाचकांच्या घरात, भावकीत वा गल्लीत ‘नाव कापलेला’ कोणी असेल, तर त्याच्या ट्रंकेतील कागद एकदा बाहेर काढायला सांगावेत. तारखा पाहाव्यात, नोटिशीचे उत्तर त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावे, आणि ते खरोखर त्याचेच होते का, हे विचारावे. मातृभाषेतील प्रमाणपत्र मिळाले नसेल तर ते लेखी मागावे. प्रत्येक अर्ज यशस्वी होईल असे नाही, कारण काही शेरे योग्यही असतात. पण ज्याच्यावर शेरा मारला गेला, त्याला तो वाचता तरी आला पाहिजे.